परदेशातली गाडी, वर्ध्याचे कागद

परदेशात गाडी चालवायची म्हणून आमच्या टेबलापाशी येणारा माणूस हमखास एकच वस्तू मागतो, ‘इंटरनॅशनल लायसन’. अशी वस्तूच नसते, हे सांगण्यापासून माझं काम सुरू होतं. आरटीओ देतं ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. तुमच्या खिशातल्या एमएच-३२च्या कार्डावर काय लिहिलंय ते दुसऱ्या देशातल्या पोलिसाला वाचता यावं, एवढ्यासाठी ती पुस्तिका. कार्ड घरी राहिलं आणि पुस्तिका तेवढी सोबत नेली तर तिला कोणी विचारत नाही. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. हजार रुपये फी भरून नवीन काहीतरी मिळेल अशी त्याची समजूत असते.

आमचं वर्ध्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. मिस्टर पोरापोरींना गाडी शिकवतात, मी कागद सांभाळते, आणि जोडीला मोटार विम्याची एजन्सी आहे. ही दोन कामं एकाच टेबलावर आल्यामुळे मला एक गोष्ट दिसत गेली. आरटीओच्या खिडकीवर विम्याबद्दल कोणी बोलत नाही आणि विमा विकणारा लायसनची तारीख बघत नाही. माणूस मात्र दोन्ही घेऊन विमानात बसतो, आणि तिकडे काही झालं की दोन्ही कागद एकत्रच तपासले जातात.

सुरुवातीला यायचे ते सेवाग्राम आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजांतले डॉक्टर. कोणी फेलोशिपला निघालेले, कोणी कायमचे. मग इंजिनिअरिंगची पोरं अमेरिकेला, जर्मनीला जाऊ लागली. आता निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात. आर्वीचे, हिंगणघाटचे, पुलगावचे, सेलूचे निवृत्त मास्तर, बँकेतले, तहसीलमधले. मुलगा किंवा मुलगी तिकडे, आणि सहा महिने नातवाजवळ राहायला जायचं. ‘घरात बसून काय करणार जी, दुकानापर्यंत तरी गाडी नेता आली पायजे,’ असं म्हणत ते येतात. आणि दिवाळी सरली की एक वेगळाच वर्ग येतो, त्यांना परमिट लागतच नाही. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते खरं शिकण्यासारखं तिथंच आहे.

परमिटचं काम तसं सोपं झालंय. १९४९च्या जिनिव्हा करारावर आपल्या देशाची सही आहे, त्या करारानुसार हे परमिट मिळतं. अर्जाचा नमुना ४-ए, तो आता सारथी पोर्टलवर भरता येतो. पूर्वी सोबत व्हिसाची प्रत आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं. त्याचा एक मजेशीर घोळ होता. थायलंडसारख्या ठिकाणी व्हिसा तिथे उतरल्यावर मिळायचा आणि इथे तर आधी व्हिसा दाखवा म्हणायचे. जानेवारी २०२१च्या अधिसूचनेनं या दोन्ही अटी गेल्या. परदेशात असताना मुदत संपली तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करण्याची सोयही त्याच वेळी झाली. ऑगस्ट २०२२मध्ये सगळ्या राज्यांसाठी एकच नमुना ठरला आणि त्यावर क्यूआर कोड आला. त्याआधी एका राज्याचं परमिट दुसऱ्या राज्याच्या परमिटसारखं दिसत नसे, आणि तिकडच्या माणसाला शंका येई.

इंटरनेटवर तीन वर्षांचं, पाच वर्षांचं, चक्क दहा वर्षांचं ‘इंटरनॅशनल लायसन’ डॉलरमध्ये विकणारे लोक आहेत. छान प्लास्टिकचं कार्ड येतं, सोनेरी शिक्क्यासह. कायद्यानं त्याची किंमत नाही. आपल्या आरटीओचं परमिट एका वर्षाचंच असतं, त्यामुळे लांब मुदतीचं कार्ड दिसलं की मी ते सरळ बाजूला सारते.

अडतं ते नावापाशी. आपल्याकडे माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बाकी दोन दुसऱ्या रकान्यात जातात. जुन्या लायसनवर मात्र कारकुनानं कधी आडनाव आधी टाकलेलं, कधी वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. चौधरी या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मी एकाच घरात तीन तऱ्हेनं पाहिलं आहे, बापाचं वेगळं, लेकाचं वेगळं, आणि लेकाच्याच पासपोर्टवर तिसरं. वर्ध्यात कोणाला फरक पडत नाही, सगळे ओळखतात. गाडी भाड्यानं देणाऱ्या परदेशी काउंटरवरची मुलगी ओळखत नाही. तिच्यासमोर क्रेडिट कार्ड, पासपोर्ट, लायसन आणि परमिट अशा चार गोष्टी असतात, आणि चारही एकाच माणसाच्या दिसल्या नाहीत तर ती चावी देत नाही.

लग्न ठरलेल्या मुलींची गत याहून अवघड. मुलगा तिकडे नोकरीला, साखरपुडा झाला, आणि सासरचे सांगतात की लायसन काढूनच ये. लर्निंग काढल्यावर पक्क्यासाठी तीस दिवस थांबावंच लागतं, तेवढ्यात लग्न उरकतं. मग लायसन माहेरच्या नावाचं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव चढवण्याची घाई, आणि आधार कार्ड अजून तिसऱ्याच अवस्थेत. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायलाच हवं अशी सक्ती नाही, हे मी प्रत्येक आईला सांगते. आया ऐकतात, सासवांना विचारतात, आणि पुन्हा येतात. यातल्या काही मुली फार सुरेख गाडी चालवतात. सेवाग्रामच्या रस्त्यावर त्यांच्या मागे बसले की वाटतं, हिच्या हातात काहीच कमी नाही, कमी आहे ती फक्त कागदावर.

नावानंतर तारीख. परमिटची मुदत एक वर्ष, पण मूळ लायसन त्याआधी संपत असेल तर परमिटही तेव्हाच संपतं. तरुणांना हे जाणवत नाही. पंचावन्न उलटलेल्यांचं लायसन मात्र पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं. त्यामुळे निवृत्त मास्तर येतात, सहा महिन्यांचं तिकीट दाखवतात, आणि लायसनवर चारच महिने उरलेले असतात. परमिट काढलं तर तेही चार महिन्यांचं. मुदत संपायच्या आधी वर्षभर नूतनीकरण करता येतं, डॉक्टरचं १-ए सर्टिफिकेट जोडायचं, आणि मग परमिटचा अर्ज. क्रम उलटा झाला की हजार रुपये वाया. ज्यांचं लायसन अजून हाताने लिहिलेल्या पुस्तकाचं आहे, त्यांची नोंद आधी संगणकावर चढवून घ्यावी लागते, त्याला वेळ जातो. तिकीट काढून मग आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये असे बरेच.

देशादेशाचं वेगळं असतं, आणि ते सगळं सांगत बसले तर पान पुरणार नाही. दोन-तीन गोष्टी मात्र वारंवार विचारल्या जातात. जर्मनीत राहायला गेलेल्याला आपलं लायसन सहा महिनेच चालतं, नंतर तिथली लेखी आणि गाडीवरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ब्रिटनमध्ये बारा महिने मिळतात. आखाती देशांत नोकरीच्या व्हिसावर ड्रायव्हर म्हणून निघालेल्या पोरांना कोणीतरी एजंट सांगतो की परमिट घेऊन जा, लगेच गाडी हातात मिळेल. दुबईत पाहुण्याला परमिट चालतं, रहिवाशाला नाही. नोकरीला गेलेला तर रहिवासीच ठरतो. त्यानं तिथलं लायसन काढायचं, त्याचा खर्च कोण देणार हे इथेच मालकाकडून लिहून घ्यायचं. परमिटवर पैसे घालू नकोस, असं मी त्यांना सांगते, आणि एजंटचा राग ओढवून घेते.

आता विमा. आपल्या भागात विमा म्हणजे पोलिसानं थांबवलं की दाखवायचा कागद. मोटार वाहन कायद्याच्या १४६व्या कलमानं थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून घ्यायचा. सगळ्यात स्वस्त कोणता, एवढंच विचारतात. जरा जाणता असेल तो ‘फर्स्ट पार्टी करून द्या’ म्हणतो. आत काय लिहिलंय ते इतक्या वर्षांत मोजक्या लोकांनीच विचारलं. याच सवयीनं माणूस परदेशात जातो.

अमेरिकेला निघालेल्या बापांचं वाक्य ठरलेलं, ‘तिथं कायले पायजे इन्शुरन्स? पोराच्या गाडीचा आहे नं!’ पोराच्या गाडीचा असतोच. पण तिकडची कंपनी त्या घरात गाडी चालवणारी माणसं कोण, हे विचारते. चार दिवस आलेला पाहुणा एकदा गाडी घेऊन गेला तर गोष्ट वेगळी, सहा महिने घरात राहून रोज चालवणारा बाप वेगळा. त्याचं नाव कंपनीला कळवलेलं नसेल तर अपघातानंतर वाद उभा राहू शकतो, आणि तिकडच्या दवाखान्याचं बिल म्हणजे इकडच्या शेताची किंमत. मी मुलाचा नंबर घेते आणि इथूनच त्याला मेसेज करते की वडील यायच्या आधी तुझ्या इन्शुरन्सवाल्याशी बोल. मुलांना हे माहीत असतं, वडिलांना नाराज करायचं नसतं म्हणून गप्प बसतात. माझ्याकडून निरोप गेला की त्यांना बरं वाटतं. नियम राज्याराज्याला बदलतात, म्हणून त्यापुढचं मी बोलत नाही.

भाड्याच्या गाडीत वेगळं कोडं. काउंटरवर ‘सीडीडब्ल्यू’ नावाचं काहीतरी घेता का असं विचारतात. आपल्या माणसाला वाटतं, झाला फुल इन्शुरन्स. ते फक्त त्यांच्याच गाडीच्या नुकसानीबद्दल असतं, ठरावीक रकमेपर्यंतचा भुर्दंड आपल्यालाच, वरचं ते मागणार नाहीत. समोरच्या गाडीचं, समोरच्या माणसाचं काय, ते दुसऱ्या ओळीत. इथून घेतलेल्या प्रवास विम्यात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई लिहिलेली असते खरी, पण बहुतेक पॉलिस्यांत गाडी चालवताना झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं असतं. ही ओळ शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असते. मी ती पेनानं अधोरेखित करून देते.

आणि थायलंड. नवीन जोडपी जातात, तिथे स्कूटर भाड्यानं सहज मिळते, कोणी काही विचारत नाही. लायसन फक्त कारचं असलं की परमिटवर मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का नसतो. पडून पाय मोडला तर प्रवास विमा कंपनी विचारते, हे वाहन चालवायचा परवाना होता का? नसेल तर दवाखान्याचा खर्च खिशातून. दुचाकी आपल्याकडे आठवीतली पोरंही पळवतात, त्यामुळे यात परवान्याचा काय संबंध हेच कित्येकांना पटत नाही.

आता ज्यांना परमिट लागत नाही ते लोक. वर्धा जिल्ह्यातून दरवर्षी हिवाळ्यात कितीतरी बौद्ध कुटुंबं स्वतःच्या गाडीनं निघतात. आमच्यापासून नागपूर दीड-दोन तासांवर, १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली ती भूमी त्यांच्या आजीआजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली. तिथे वंदन करून जबलपूर, रीवा, प्रयागराज, वाराणसी असं करत सारनाथ, बोधगया, कुशीनगर, आणि मग गोरखपूरहून सोनौलीची सरहद्द ओलांडून लुंबिनी. म्हाताऱ्या आईला एकदा बुद्धाची जन्मभूमी दाखवायची, हे या घरांमधलं मोठं स्वप्न असतं. लुंबिनी नेपाळात, म्हणजे परदेशात, पण ते कोणाच्या मनात येत नाही. भाषा कळते, गाडी डाव्या बाजूनंच चालवायची, आपलं लायसन चालतं, पासपोर्टही लागत नाही. मतदार ओळखपत्र मात्र जवळ असू द्या, आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. सरहद्दीवर गाडीचा भनसार भरायचा, म्हणजे जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचं जकात शुल्क, त्याची पावती परत येईपर्यंत जपायची. आरसी बुक अस्सल हवं, आणि गाडी भावाच्या नावावर असेल तर त्याचं संमतिपत्र.

एवढं सगळं करतात. विम्याचं कोणी बघत नाही. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर भौगोलिक क्षेत्र या शब्दांपुढे ‘भारत’ लिहिलेलं असतं. सोनौलीच्या कमानीपलीकडे गाडी गेली की ती पॉलिसी तिच्यासाठी उरलेली नसते. यावर उपाय साधा आहे. पूर्वीपासूनच्या मोटार टॅरिफमध्ये बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांसाठी क्षेत्र वाढवून घेण्याची तरतूद आहे. त्यात दर लिहिलेला आहे, फुल पॉलिसीला ५०० रुपये आणि नुसत्या थर्ड पार्टीला १००. कंपनी एंडोर्समेंटचा कागद देते, तो पॉलिसीला जोडायचा. गंमत अशी, की याच तरतुदीत गाडी जहाजातून किंवा विमानातून नेताना झालेलं नुकसान वगळलंय. त्यामुळे श्रीलंकेला गाडी पोचेपर्यंतची जबाबदारी कोणाची, ते वेगळं बघावं लागेल. वर्ध्यातून श्रीलंकेला गाडी घेऊन जाणारा मला अजून भेटायचा आहे.

देवळी भागातल्या एका कुटुंबाला मी हा कागद जवळजवळ जबरदस्तीनंच दिला होता. ‘पाचशेत तर डिझेल येते ताई,’ असं म्हणत घेतला. भैरहवाजवळ त्यांच्या गाडीला समोरून एक पिकअप घासून गेली. बंपर, हेडलाईट आणि एक दार गेलं, माणसं सुखरूप. रात्री फोन आला. मी सांगितलं, गाडी दुरुस्तीला टाकू नका, फोटो काढा, तिथल्या पोलिसांचा कागद घ्या, कंपनीच्या नंबरवर आताच कळवा. क्लेम मंजूर झाला. बंपरचे निम्मेच पैसे मिळाले, कारण प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, त्यावर थोडी कुरबूर झाली. पण कागद होता म्हणून कुरबूर करण्यापुरतं तरी मिळालं.

दुसऱ्या एका घरी कागद नव्हता. गाडी ठोकली, तिथेच कशीबशी चालती करून परत आणली, आणि माझ्यासमोर बसून मुलगा म्हणाला, ‘सांगून टाकू नं ताई, गोरखपुरात ठोकली म्हणून.’ हा सल्ला त्याला गावातल्याच कोणीतरी दिला होता. मी फॉर्म पुढे केला नाही. भनसारच्या पावतीवर तारीख असते, फास्टॅगवर टोलनाक्यांची वेळ असते, मोबाईलमधल्या फोटोत जागेची नोंद असते. सर्व्हेअर हे सगळं बघतो. खोटं उघडं पडलं तर हा क्लेम तर जातोच, कंपनीशी असलेला विश्वासही जातो. तो मुलगा त्यानंतर पॉलिसी दुसरीकडून काढू लागला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आणखी एक प्रकार या यात्रेत सर्रास चालतो. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची सात सीटर गाडी घ्यायची, ‘फक्त डिझेल आणि थोडं वरचे’ द्यायचे. मित्रानं गाडी दिली आणि तुम्ही डिझेल भरलं, यात वावगं काही नाही. पण भाडं घेऊन गाडी दिली की खासगी पॉलिसीतलं वापराचं कलम मोडलं, कारण त्यात भाड्यानं वापरणं चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मग नेपाळचं एंडोर्समेंट असलं तरी उपयोग नाही. गाडीत आठ माणसं असतात, सगळी एका गावची, आणि सर्व्हेअरनं विचारलं की कोणी ना कोणी खरं बोलतोच. ज्यांना गाडी भाड्यानंच घ्यायची आहे त्यांनी पिवळ्या पाटीची घ्यावी, नेपाळला न्यायचं म्हणून मालकाला आधी सांगावं. थोडे जास्त पडतात.

जाता जाता कायमचं परदेशी जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गाडी विकताना नो क्लेम बोनस गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. वीस टक्क्यांपासून पन्नासपर्यंत चढत जायला वर्षं लागतात. कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत परत येऊन नवी गाडी घेतल्यावर वापरता येतं. तिकडच्या काही कंपन्याही इथला क्लेम नसल्याचा दाखला बघून प्रीमियम कमी करतात, मागायला काही लागत नाही. उलट तिकडे मिळवलेला बोनसही ठरावीक अटींवर इथे धरला जातो. परत आलेल्यांपैकी हे मागणारा माणूस मात्र विरळा.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेल्यापासून पोरांना वाटतं, आता परदेशात चालवायला शिकण्यासारखं काय उरलं? मिस्टर त्यांना वर्ध्याच्या चौकात लाल दिव्याला पट्टीच्या मागे गाडी उभी करायला लावतात. मागचे हॉर्न वाजवतात, तरी उभी ठेवायची. परदेशात जाणाऱ्याकडून ते एवढी एकच गोष्ट पक्की करून घेतात.

जाणार असाल तर तिकीट काढायच्या आधी या, दोन महिने तरी हाताशी ठेवून. पासपोर्ट, लायसन आणि चालू पॉलिसी, तिन्ही अस्सल आणा. झेरॉक्सवर नावाचं स्पेलिंग नीट दिसत नाही.